नकळत केलेली चोरी

आपल्या संगीतकाराने परदेशी चाल उचलली की आपण 'ढापली' म्हणून बोंब मारतो. मारायलाच हवी! पण साहेबाने उचलली की?

ब्राझीलच्या जॉर्ज बेनचं नाव ऐकलंय? 'मास के नादा' हे गाणं त्याचं, १९६३ चं. जगभर गाजलं १९६६ मध्ये, सर्जिओ मेंडिसमुळे. ते एक वेळ ठीक. पण १९७२ मध्ये बेनने चक्क आपल्या ताजमहालावर गाणं केलं आणि १९७८ मध्ये रॉड स्टुअर्टच्या तुफान गाजलेल्या 'डा या थिंक आयॅम सेक्सी'च्या ध्रुवपदात तीच चाल! बेनने दावा लावला, तडजोड झाली. २०१२ च्या आत्मचरित्रात स्टुअर्टसाहेब कबूल करतात: चोरी झाली, पण नकळत. रिओच्या कार्निव्हलमध्ये ऐकलेली चाल म्हणे डोक्यात राहून गेली.

'नकळत' ही सवलत आपल्या संगीतकारांना कधी दिलीत? असो. आधी बेनचं 'ताज महल' ऐका, मग स्टुअर्टचं.