हसणारा निर्वासित

१९८० साली सिडनीत उतरलेल्या एका व्हिएतनामी कुटुंबाला तिथल्या सेवाभावी मंडळींनी कपड्यांची पिशवी दिली. घरी येऊन उघडतात तर काय, धाकट्या मुलासाठी चक्क मुलीचे कपडे! पण आपुलकीनं दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? आई-वडिलांनी निमूटपणे तेच कपडे पोराच्या अंगावर चढवले. पुढे हे पोर, खोआ डो, चित्रपट-दिग्दर्शक झालं. २००५ साली त्याला ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा मानाचा किताबही मिळाला. आणि धाकट्या भावाची ही फजिती जगाला सांगून लोकांना पोट धरून हसवणारा थोरला भाऊ म्हणजे आन डो, ऑस्ट्रेलियातला लोकप्रिय स्टँड-अप कॉमेडियन.

आनचा जन्म १९७७चा, सायगावचा. त्या शहराला तोवर हो ची मिन्ह सिटी हे नवं नाव मिळालं होतं. १९७५ साली दक्षिण व्हिएतनाम पडलं आणि पराभूत बाजूच्या लोकांवर नव्या राजवटीची वक्रदृष्टी फिरली. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ८ लाख माणसं मिळेल त्या होडीतून देश सोडून सुखरूप कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागली. वाटेत बुडाले, भुकेनं-तहानेनं गेले त्यांची नीट मोजदाद कुणाकडेच नाही.

डो कुटुंबाची होडी जेमतेम नऊ मीटर लांबीची, आणि तीत माणसं खच्चून भरलेली! आन तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पाच दिवस भर समुद्रात. त्यात एकदा नव्हे, दोनदा चाच्यांनी गाठलं. होतं नव्हतं ते किडूकमिडूक त्यांनी लुटून नेलं. पण याच प्रसंगातली एक गोष्ट आन आवर्जून सांगतो. लूट घेऊन परतताना चाच्यांपैकी एका तरुणानं पाण्याचा कॅन यांच्या होडीत फेकला. त्या पाण्यावर होडीतली जवळजवळ सगळी माणसं तगली. माणुसकी कुठून डोकावेल, सांगता येतं का? अखेर एका जर्मन मालवाहू जहाजानं त्यांना वाचवलं. मग मलेशियातली निर्वासितांची छावणी आणि तिथून ऑस्ट्रेलिया.

इथं सिनेमा असता तर ‘आणि ते सुखानं नांदू लागले’ म्हणून पडदा पडला असता. खऱ्या आयुष्यात मात्र दुसरा अंक सुरू झाला. आई घरीच शिलाई मशीन चालवायची, तुकड्यांवर पैसे मिळायचे. वडील दारूच्या आहारी गेले आणि आन शाळेत असतानाच घर सोडून निघून गेले. तीन मुलांचा भार एकट्या आईवर आला. शाळा चांगली होती, पण पैशांची चणचण पाचवीला पुजलेली. आईसाठी स्वतःचं घर घ्यायचं, हे आननं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

त्यासाठी सरळ मार्ग एकच होता, वकिली. सिडनीत कायद्याचं शिक्षण जवळजवळ पुरं झालं होतं, मोठ्या फर्ममध्ये नोकरीही चालून आली. आठवड्याला साठ तास काम! त्याच सुमारास एका विनोदवीराला त्यानं सहज विचारलं, तुम्ही आठवड्याला किती तास काम करता? उत्तर आलं, साधारण चार. आन म्हणतो, माझा निर्णय तिथंच झाला! गंमत म्हणून ठीक आहे. पण कर्ज डोक्यावर असताना हमखास पगार सोडून बारमध्ये, क्लबमध्ये माईक हातात घेऊन अनोळखी लोकांना हसवायला उभं राहायचं, याला जिगर लागते. त्यातून चेहरा आशियाई. टोमणा प्रेक्षकांतून यायच्या आत आपणच स्वतःवर विनोद करायचा, म्हणजे समोरच्याच्या हातातला दगड आपोआप गळून पडतो.

२०१० साली त्यानं ‘द हॅपिएस्ट रेफ्युजी’ हे आत्मचरित्र लिहिलं. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या प्रकाशन-व्यवसायानं त्याला वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरवलं. पुस्तकात पानोपानी हसू आहे, पण चाच्यांचा किंवा वडिलांचा विषय निघाला की आन विनोदाआड लपत नाही. त्याच वडिलांना त्यानं पुढे शोधून काढलं, समेट केला. इतकंच नव्हे, त्यांचं चित्र रंगवलं आणि ते २०१४ साली आर्चिबाल्ड या प्रतिष्ठेच्या चित्रस्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं. २०१७ साली आदिवासी अभिनेते जॅक चार्ल्स यांच्या चित्राला याच स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. चार्ल्स यांना तान्हेपणीच सरकारनं आईपासून तोडलं होतं. घर हरवलेल्या माणसाचा चेहरा आनला अचूक सापडावा, यात नवल ते काय!

आता थोडं कडू. आनचं पुस्तक यायच्या नऊ वर्षं आधी, ऑगस्ट २००१मध्ये, ‘टॅम्पा’ नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजानं बुडत्या होडीतून चारशेहून अधिक माणसं वाचवली. बहुतेक अफगाण. गोष्ट तीच, फक्त जर्मन जहाजाच्या जागी नॉर्वेचं. पण या वेळी ऑस्ट्रेलियानं त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. काही न्यूझीलंडला गेले, बरेचसे नाऊरू या चिमुकल्या बेटावर धाडले गेले.

त्या होडीतही एखादा खोडकर पोरगा असेलच की! आपल्याला हसवणारा, पुस्तकं लिहिणारा, चित्रं काढणारा निर्वासित सगळ्यांना हवाहवासा वाटतो. पण १९८० साली मलेशियाच्या छावणीतून तीन वर्षांच्या पोराला ऑस्ट्रेलियात घेतलं, तेव्हा हा पुढे काय दिवे लावणार हे कुणी विचारलं नव्हतं. तो हुशार म्हणून त्याला आसरा मिळाला नाही. आसरा मिळाला, म्हणून त्याची हुशारी जगाला दिसली. आन डोच्या विनोदावर टाळ्या वाजवताना हा क्रम ध्यानात ठेवायला हवा.