फॅमिली रूमच्या दारात

मध्यंतरी एका विद्वान स्नेह्यांनी मला विचारले, "का हो, मुंबईत लेस्बियन बायकांचे बार कधी होते का? लंडन-न्यूयॉर्ककडे म्हणे त्यावर ग्रंथ लिहितात!" मी म्हटले, "माझ्या तरी माहितीत नाही." "मग झाले तर!" ते विजयी मुद्रेने उद्गारले, "हे खूळ तिकडचेच!" या अजब तर्कशास्त्रासाठीच हा लेखप्रपंच.

लंडनच्या चेल्सी भागात 'गेटवेज' नावाचा एक तळघरातला क्लब होता. 'द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज' या १९६८ सालच्या चित्रपटात तो पाहायला मिळतो. १९८५ साली तो बंद पडला. तिथे असे काय अघटित होते? कमावती बाई पदरचे पैसे टाकून, तिच्यासारख्याच बायकांत रात्री चार घटका बसू शकत होती, एवढेच. हे 'एवढेच' आमच्या उपनगरांत कुठे होते, ते सांगा!

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर उभे राहा. परमिट रूम पुरुषांची. शेजारच्या उडुपी हॉटेलात पाटी असायची, 'फॅमिली रूम'. विसेक वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण अंधेरीच्या अशाच एका हॉटेलात संध्याकाळी शिरलो. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी अदबीने विचारले, "साहेब मागून येतायत ना?" साहेब येणार नव्हते. आम्ही चहा घोटाघोटाने नव्हे, घाईघाईने प्यायलो आणि निघालो. घरी जावे, तर दोन खोल्यांत सहा माणसे.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. उपनगरातल्या बाईला मिळालेली हक्काची बैठक ती, आणि तीही चाकांवरची! तिथे एकीने दुसरीच्या खांद्यावर मान टाकली, तर कोणी नाते विचारत नाही. पण स्टेशन आले की उतरावेच लागते.

आणि या बायका नव्हत्या म्हणता? १९८१ साली विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणले. त्यातली सुमित्रा काही विलायतेहून आली नव्हती. १९९५ साली याच मुंबईत 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला. पुढे तो 'लेबिया' झाला, त्याने 'स्क्रिप्ट्स' नावाचे नियतकालिक काढले. बार नव्हता, पण बायका होत्या. खुर्ची नाही म्हणून घरात माणसेच नाहीत, असे कोणी म्हणते काय?

बरे, बसायला गेल्या तर काय होते, तेही पाहिले. २ डिसेंबर १९९८ रोजी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये 'फायर' चालू असताना शिवसैनिकांनी धुडगूस घातला, काचा फोडल्या, खेळ बंद पाडला. तिकीट काढून दोन तास अंधारात बसून आपल्यासारखीची गोष्ट पाहावी, इतकी माफक चैनही सोसवली नाही! चित्रपट फेब्रुवारी १९९९मध्ये पुन्हा लागला. पण मनात बसलेली धास्ती कोणत्या सेन्सॉरने काढायची?

सुधारक म्हणतील, "६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७वा फास सोडवला, आता काय हवे?" न्यायालयाने गुन्ह्याचा शिक्का पुसला, हे मोठेच काम झाले. पण न्यायालय खुर्ची देत नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने तर विवाहाचा हक्कही दिला नाही. म्हणजे 'फॅमिली'ची पाटी अजून साहेबांच्याच नावावर!

नीतिवादी म्हणतील, "म्हणजे बायकांनी दारू प्यावी?" छे हो! दारूची वकिली मला करायची नाही. गावोगाव मते देऊन बाटली आडवी करणाऱ्या माझ्या भगिनींना माझा नमस्कार आहे. पण दुकान बंद करण्यापुरते बाईचे मत मोजायचे आणि ती निवांत बसायला आली की भुवई उंचवायची, हा कुठला न्याय? मी जागा मागते आहे. पेल्यात काय असावे, हे जिचे तिने ठरवावे.

तेव्हा विद्वान स्नेही, इतिहास सापडला नाही म्हणून टाळ्या पिटू नका. तो घडायला जी जागा लागते, तीच आपण सर्वांनी मिळून दिली नाही. आणि गल्ल्यावरच्या त्या गृहस्थांना त्या संध्याकाळी द्यायचे राहिलेले उत्तर आज देते: नाही, साहेब येणार नाहीत. आम्ही दोघीच आहोत. दोन चहा पाठवा. आणि बिलाची घाई करू नका.