विश्लेषण : मुळशीतील घरांचा कुबट वास खिडक्या उघडूनही का जात नाही?

पावसाळ्यात मुळशीतील बंद बंगल्याचे कुलूप काढले की आधी भेटतो तो वास. ओल्या गोधडीचा, जुन्या वह्यांचा, न वाळलेल्या सतरंजीचा. मग खिडक्या सताड उघडल्या जातात, उदबत्ती लागते, कपाटात डांबराच्या गोळ्या पडतात आणि दोन दिवसांनी वास परत हजर असतो. हा अनुभव आता फक्त ताम्हिणी किंवा लवासाच्या सुट्टीच्या घरांपुरता उरलेला नाही. भूगाव, माण, हिंजवडीच्या नव्या इमारतींमधील रहिवासीही पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके मोजत बसतात.

मुळशीत एवढी ओल का?

मुळशी तालुका सह्याद्रीच्या कड्यापासून पुण्याच्या वेशीपर्यंत पसरला आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकण ओलांडून पहिल्यांदा अडतात ते ताम्हिणीच्या माथ्यावर. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुणे शहराची वर्षाची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे शहराच्या वर्षभराच्या पावसाचा तीन-चतुर्थांश भाग तिथे एका दिवसात पडला. तालुक्याच्या पूर्वेकडे, पिरंगुट-भूगावच्या बाजूला पाऊस झपाट्याने कमी होतो. पण ढगाळ हवा, पश्चिमेचा वारा आणि आठवडा-आठवडा न दिसणारे ऊन तिथेही असतेच.

घराचे खरे नुकसान या सलगपणाने होते. एका मुसळधार सरीत भिजलेली भिंत चार दिवसांच्या उन्हात वाळते. महिनाभर झड खाणाऱ्या भिंतीला वाळायला संधीच मिळत नाही. त्यात २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात पोहोचला. गच्चीचे जलरोधन, भेगा भरणे, बाहेरचा रंग ही कामे एरवी मे अखेरीस उरकली जातात. त्या वर्षी अनेकांची ती अर्धवट राहिली.

वास नेमका कशाचा?

बुरशी आणि ओलीत वाढणारे जिवाणू लाकूड, कागद, कापड, भिंतीवरील धूळ यांवर जगतात आणि जगताना काही उडनशील रसायने हवेत सोडतात. नाकाला जाणवतात ती हीच. त्यांतील एक आहे ‘जिऑस्मिन’. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस गटाचे जिवाणू ते तयार करतात आणि पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मृद्गंधात त्याचा मोठा वाटा असतो. त्या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दिले. माणसाचे नाक या रेणूबाबत विलक्षण तिखट आहे. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी ते ओळखता येतात. जूनमध्ये अंगणात ज्या गंधाचे कौतुक होते, त्याच जातीचा गंध ऑगस्टमध्ये कपाटातून आला की घर नकोसे होते.

यातून कामाची गोष्ट एवढीच की, डाग दिसण्याआधी वास येऊ शकतो. कपाटाच्या मागे, पीओपीच्या छताच्या वर, गादीच्या खालच्या बाजूला, म्हणजे जिथे नजर जात नाही तिथे ओल असल्याची ती पहिली वर्दी असते.

मग खिडक्या उघडून तो का जात नाही?

‘घराला हवा लागू द्या’ हा सल्ला मार्चमध्ये बरोबर आणि मुळशीच्या जुलैत बहुधा चुकीचा आहे. बाहेरची हवा २४ अंश तापमानाची आणि ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम पाणी असते. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली धरली तर त्यात ३४ घनमीटर हवा मावते, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम बाष्प. खिडकी उघडून ही हवा बदलली तरी आत येणारी हवा तितकीच ओली. भिंत, गादी, पुस्तके यांतील पाणी बाहेर पडायला वावच नसतो. उलट बंद घराच्या भिंती बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या थंड असल्या तर त्यांवर दव धरते.

पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे फावते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगते. तिथे पोहोचण्याचे मार्ग दोनच : हवेतील पाणी काढणे किंवा हवा तापवणे. तीच ९५ टक्क्यांची हवा २४ वरून २७ अंशांवर नेली तर आर्द्रता ७९ टक्क्यांवर येते; ३२ अंशांवर नेली तर साधारण ६० टक्क्यांवर. पूर्वी कपाटात छोटा दिवा लावून ठेवण्याची पद्धत होती, तिच्यामागे हेच गणित होते. तो तारेचा दिवा गरम व्हायचा. आजचा एलईडी प्रकाश देतो, उष्णता जवळजवळ नाही, त्यामुळे ती युक्ती आता चालत नाही. (आणि तारेचा दिवा कपड्यांना टेकून आगही लागायची, हेही विसरायला नको.)

म्हणून पावसाच्या झडीत खिडक्या लावून आर्द्रता शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर चालवणे आणि उघडीप मिळाली, ऊन पडले की सगळे सताड उघडणे, हा क्रम योग्य ठरतो. वातानुकूलन यंत्राचा ‘ड्राय’ पर्यायही उपयोगी पडतो, मात्र खोली फार थंड केली तर भिंतीही थंड होतात. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घरात असेल तर खिडकी कधी उघडायची हा वाद घरातल्या घरात मिटतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मात्र अपवाद आहेत. तिथली वाफ बाहेर फेकणारा पंखा कोणत्याही ऋतूत चालूच हवा. खोलीत दोरीवर वाळत घातलेले बादलीभर कपडे दोनेक लिटर पाणी घरातच सोडतात. वर काढलेल्या ७०० ग्रॅमशी ते ताडून पाहावे.

जुन्या घरांना हा त्रास नव्हता का?

होता. पण घर त्याच्याशी जुळवून घेऊन बांधलेले असे. उतरत्या कौलांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येई, पडवीमुळे झड आतल्या भिंतीपर्यंत पोहोचत नसे आणि पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्याआधी गवताचे किंवा पेंढ्याचे आडोसे बांधले जात. महाबळेश्वरात अशा गवताच्या झडी परिचयाच्या आहेत. मुळशीत त्यांची जागा आता निळ्या प्लास्टिकने घेतली आहे. मुख्य म्हणजे चूल दिवसातून दोनदा पेटे. कौलांच्या फटींतून धूर आणि बाष्प दोन्ही बाहेर जाई, माळ्यावरचे धान्य आणि सरपण कोरडे राही. त्या धुराने घरातल्या बायकांच्या फुप्फुसांचे काय केले हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. चूल परत आणा, असे कोणी म्हणणार नाही.

नव्या बंगल्याने यातले सगळेच सोडले. सपाट स्लॅब, दर्शनी भाग सुबक दिसावा म्हणून आखूड केलेले किंवा काढून टाकलेले छज्जे, तलावाचे दृश्य हवे म्हणून पश्चिमेला मोठ्या सरकत्या काचा, आत प्लायवूड आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे फर्निचर, म्हणजे बुरशीचे आयते खाद्य. आणि घर महिन्यातून दोन दिवस उघडणार. बांधकाम चांगले असले तरी चार महिने न उघडणारे घर मुळशीत कोरडे राहणे अवघड आहे.

पाणी कुठून येते, हे कसे ओळखायचे?

उपायाआधी हे ठरले नाही तर पुढचा सगळा खर्च वाया. ओल साधारण चार वाटांनी येते : पावसाची झड भेगांतून आत शिरते, छतातून किंवा नळातून गळती होते, जमिनीतून ओल भिंतीत चढते किंवा हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर धरते. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा भुसभुशीत आणि पांढरा लोणा असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका डाग उतरत असेल तर झड किंवा चौकटीची फट. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखालचा डाग पाऊस थांबल्यावरही ओला राहत असेल तर गळती. कपाटामागे, कोपऱ्यांत पसरट काळे ठिपके असतील तर बहुधा बाष्प.

शंका असेल तेव्हा एक साधी चाचणी आहे. भिंत वरून पुसून फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीच्या बाजूला आले तर हवेतून. पहिल्या प्रकारात गवंडी लागतो, दुसऱ्यात सवयी आणि यंत्र.

कापूर, व्हिनेगर, ब्लीच?

कापूर, डांबराच्या गोळ्या, सुगंधी फवारे वास झाकतात. ओल तशीच राहते. ओलावा शोषणारे मिठासारख्या खड्यांचे डबे बंद कपाटापुरते ठीक, खोलीसाठी अगदीच तोकडे. फरशी, काच, टाइल यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते. मात्र भिंतीचा गिलावा सच्छिद्र असतो. ब्लीचने त्यावरचा रंग उडतो, आतली वाढ टिकू शकते. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. कोरडी बुरशी झाडूने झाडली तर बीजाणू घरभर पसरतात. ओल्या फडक्याने, नाकातोंडाला मास्क लावून पुसावी. आतून भिजलेली, वास धरलेली कापसाची गादी सहसा वाचत नाही.

सर्वांत महाग चूक म्हणजे ओल्या भिंतीवर रंग. बाहेरचे पाणी न थांबवता आतून जलरोधक रंग दिला की पाणी गिलाव्यात अडकते आणि पुढच्या पावसात पोपडे निघतात. नवरात्राआधी घर काढून गोधड्या ओढ्यावर धुण्याची आणि दिवाळीच्या तोंडावर चुना देण्याची गावाकडची रीत या बाबतीत शहाणी होती. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन भिंतींना लागायला लागते ते तेव्हाच, आणि चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही.

आरोग्याला धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओलसर, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो. बुरशीची अमुक पातळी सुरक्षित, असा आकडा संघटनेने दिलेला नाही. ओलच टाळा, असे सांगितले आहे. लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी सफाईच्या वेळी घरात थांबू नये.

खर्च कोणाचा?

इथे ती प्लास्टिकची चाचणी पुन्हा उपयोगी पडते. ‘रेरा’ म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. भिंतीतून झिरपणारे पाणी या चौकटीत मांडता येते. विकासकाकडून हमखास येणारे उत्तर असते, ‘तुम्ही घर बंद ठेवता, कपडे आत वाळवता.’ म्हणून तारखेसह छायाचित्रे, आर्द्रतेच्या नोंदी आणि लेखी तक्रार पावसाळ्यातच करून ठेवावी. डिसेंबरमध्ये कोरडी भिंत दाखवून काही सिद्ध होत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेणाऱ्याला मात्र ‘रेरा’चे हे छत्र नाही. त्याच्या हातात फक्त ठेकेदाराशी केलेला करार.

‘दोष तुमच्या राहणीचा’ हे उत्तर इंग्लंडमध्ये फार महाग पडले. रॉचडेल येथे बुरशीने भरलेल्या भाड्याच्या सदनिकेत राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० मध्ये दगावला. त्याच्या पालकांच्या तक्रारींकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले होते. मृत्यूचे कारण घरातील बुरशीच असल्याचे २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत स्पष्ट झाले. त्यानंतर २०२३ मध्ये सामाजिक गृहनिर्माणासाठी ‘अवाब कायदा’ झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून घरमालक संस्थांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घेणे बंधनकारक झाले.

‘रेरा’चे दार घर विकत घेणाऱ्यालाच उघडते. हिंजवडी-माणच्या आसपास अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू पावसाळ्यात मालकाला डागाचे छायाचित्र पाठवतो, मालक ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो, आणि दिवाळीनंतर भिंत वाळलेली असते.