शिक्षकांची शिस्त : हजेरीपटाच्या पलीकडे

प्राथमिक शिक्षकांच्या शिस्तीचा विषय निघाला की चर्चा बहुधा हजेरीपटावर येऊन थांबते. गुरुजी वेळेवर येतात का, हा प्रश्न आवश्यकच आहे. पण तो पुरेसा नाही, असे आम्हां माजी विद्यार्थ्यांस वाटते.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४व्या कलमाने शिक्षकावर नियमितपणा व वक्तशीरपणा बंधनकारक केला. त्याच कायद्याने पाठाच्या तयारीसह आठवड्याचे ४५ तास ठरविले आणि २७व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांस मनाई केली. २४वे कलम सर्वांच्या ध्यानात राहते. २७व्याचे स्मरण क्वचितच होते. तक्ते भरण्यात ज्याची दुपार सरते, त्याचा पाठ कच्चा राहतो आणि वर्गातील गोंधळाचे खापर त्याच्याच माथी फुटते.

पोफळीच्या भूमिगत वीजगृहामुळे पाळीचे काम आपल्या परिसरास परिचित आहे. तेथे एकाची पाळी संपली की दुसरा जबाबदारी घेतो. शिस्त कामाच्या रचनेतच असते. निवासी शाळेतील शिक्षकाची पाळी बदलावयास मात्र कोणी येत नाही. दिवसा वर्ग, सायंकाळी अभ्यासिका आणि रात्री तापाने फणफणलेले एखादे लेकरू. अशा थकव्यास बेशिस्त म्हणणे अन्यायाचे होय.

याचा अर्थ कामचुकारपणास अभय द्यावे, असा नव्हे. वाया गेलेला तास वस्तीतल्या गरीब मुलास परत मिळत नाही. त्याला शिकवणीचा आधार नसतो. म्हणून जाब विचारलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कसा विचारावा याचा.

त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. भगवान बुद्धांच्या संघात दर पंधरवड्यास उपोसथाच्या दिवशी भिक्खू एकत्र येत, प्रातिमोक्षाचे पठण होई आणि ज्याचा दोष असे तो स्वतः प्रकट करी. विनय हा केवळ वरून लादलेला धाक नव्हता; तो सहजीवनाचा नियम होता.

आपल्या शाळेतही शिक्षकांची अशी पाक्षिक बैठक व्हावी. तीत मुख्याध्यापकांनी व संस्थाचालकांनी प्रथम आपली उणीव सांगावी. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना केवळ इमारतीकडे न पाहता वसतिगृहात रात्रीच्या देखरेखीसाठी स्वतंत्र माणूस नेमण्याचा भार उचलावा. पालकांनीही सुट्टीनंतर मुलांस ठरल्या दिवशी परत पोहोचवावे.

शिक्षकाची शिस्त ही त्याची एकट्याची मिळकत नाही. ती आपण सर्वांनी मिळून राखावयाची आहे.