तपासणीच्या नावाखाली

अणुचाचण्यांच्या समर्थकांचा एक युक्तिवाद अजूनही ऐकू येतो: मार्शल बेटांवर जे घडले तो अपघात होता, आणि त्यातून वैद्यकशास्त्राला किरणोत्सर्गाविषयी अमोल ज्ञान मिळाले. विज्ञानाच्या प्रतिष्ठेआड साम्राज्यवादी व्यवहार लपवणारा हा युक्तिवाद तपासलाच पाहिजे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे १५ मेगाटनांचा ‘ब्राव्हो’ बॉम्ब उडवला. हिरोशिमाच्या बॉम्बच्या हजारपट! रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली, मुले तिच्यात खेळली. १९४६ साली, ह्याहून कितीतरी लहान स्फोटांच्या वेळी, ह्याच रोंगेलापवासीयांना आधीच दुसरीकडे हलवले होते. १९५४ साली का हलवले नाही? वारा प्रतिकूल होत असल्याचे तर स्फोटापूर्वीच कळले होते. रोंगेरिकवरील २८ अमेरिकनांची सुटका २ मार्चला झाली, रोंगेलापवासीयांची ३ मार्चला. राख मुद्दाम त्यांच्यावर पाडली काय, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. आमचा आरोप त्यावर उभा नाही.

आरोप आहे तो पुढील वर्षांविषयी. काही दिवसांतच ‘प्रकल्प ४.१’ ह्या नावाने ह्या माणसांचा अभ्यास सुरू झाला. त्यांची संमती कोणी विचारली नाही. १९५६ साली अणुऊर्जा आयोगाच्या एका बैठकीत मेरिल आयझेनबड ह्यांनी उटिरिकला परतलेल्या माणसांकडून मिळू शकणाऱ्या माहितीचे महत्त्व सांगितले. हे लोक सुसंस्कृत पाश्चात्त्यांसारखे राहत नसले तरी उंदरांपेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहेत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार नोंदलेले आहेत. १९५७ साली रोंगेलापच्या लोकांना परत नेण्यात आले. स्फोटाच्या वेळी बेटावर नसलेले त्यांचे आप्तही सोबत गेले आणि ‘तुलनेचा गट’ बनले. तेच नारळ, तेच मासे खाऊन त्यांच्याही शरीरातील सीझियम वाढले. ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे डॉक्टर वर्षानुवर्षे येत राहिले. पुढे मुलांच्या गळ्यांत थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. शस्त्रक्रिया झाल्या, गोळ्या दिल्या, हे आम्ही नाकारत नाही. परंतु रोग्याला विषारी जमिनीवर ठेवून त्याची प्रकृती मोजणे ह्याला वैद्यक म्हणत नाहीत. १९८५ साली लोकांनी स्वतःच बेट सोडले. त्यांना नेले ते ‘ग्रीनपीस’च्या जहाजाने, अमेरिकन आरमाराने नव्हे.

सेमिपालाटिन्स्कचे काय, असे कोणी विचारील. तेथेही १९५७ पासून ब्रुसेलोसिस-विरोधी दवाखान्याच्या खोट्या पाटीआड लोकांची तपासणी झाली. तेही तितकेच निषेधार्ह होते, आणि हे आमच्या वाचकांनी तोंड चुकवून वाचू नये. पण त्यामुळे रोंगेलापचे देणे फिटत नाही.

ते देणे किती? नुकसानभरपाई न्यायाधिकरणाने २००७ साली रोंगेलापला शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. अमेरिकेने दिलेला मूळ निधी अवघा १५ कोटींचा, आणि तो संपलेला! २०१४ साली मार्शल बेटांनी अण्वस्त्रधारी राष्ट्रांना हेगच्या न्यायालयात खेचले. अमेरिकेने अधिकारक्षेत्रच मान्य केले नाही. भारत सरकारनेही अधिकारक्षेत्रावरच हरकत घेतली, आणि ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने भारताविरुद्धचा दावा गुणदोषांत न शिरता निकालात काढला.