भट्टीतली भाषा

फ्रेंच भाषेत 'आलांबिके' असे एक विशेषण आहे. मद्य गाळण्याच्या पात्राला तेथे 'आलांबिक' म्हणतात. मूळ शब्द अरबी, 'अल्-अंबीक'. या पात्राच्या वाकड्या नळीतून गाळल्यासारखी अतिक्लिष्ट, नटवी भाषा ती 'आलांबिके'. सातारा-सांगलीच्या वाचकास ही उपमा परकी वाटू नये. येथे साखर कारखान्यांच्या शेजारी मळीपासून मद्यार्क गाळतात. आणि सारा गाव 'डिस्टिलरी' म्हणत असला तरी कागदावर मात्र 'आसवनी' लिहिले जाते.

हा केवळ शैलीचा प्रश्न, पोटाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने माझे उत्तर असे की, दुर्बोधतेची किंमत नेहमी दुर्बळालाच मोजावी लागते. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश पाहा. 'विहित मुदतीत देयक अदा न झाल्यास विलंबित कालावधीकरिता व्याजाची आकारणी अनुज्ञेय राहील' अशा थाटात तो सांगितला, की शेतकरी मान डोलावून घरी जातो. 'ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे. नाहीतर सालाला शेकडा १५ व्याज' असे म्हटले, की तोच शेतकरी बोटांवर हिशेब करू लागतो. पहिल्या वाक्यात जे गाळले गेले, ते त्याचे व्याज होय!

परंतु सरकारी कारकुनास हसण्यापूर्वी आपण आपली पत्रके वाचावीत. 'उत्पादनसंबंधांतील अंतर्विरोधांचे तीव्रीकरण' हे वाक्य जतच्या ऊसतोड मजुरापुढे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? शास्त्राला परिभाषा लागते, हे मान्य. अभ्यासवर्गात 'वरकड मूल्य' हा शब्द हवाच. पण कोयता, मोळी आणि मुकादमाची उचल यांच्या आधारे तो ज्याला उलगडून सांगता येत नाही, त्याला तो स्वतःलाही समजलेला नाही.

ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला; शेतकऱ्याला नागवणाऱ्या साधनांत त्यांनी कुलकर्ण्याची लेखणीही धरली. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी केली होती. कागदाची भाषा ते जाणत होते. ती त्यांनी नोकरीबरोबरच सोडली. सभेत ते गावाच्या बोलीत बोलत, आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारामागे गावेच्या गावे उभी राहिली.

कार्यकर्त्यांनी एवढेच करावे : पत्रक छापण्यापूर्वी ते एखाद्या मजुरास मोठ्याने वाचून दाखवावे. तो जेथे अडेल, तेथे चूक आपली आहे.