नववीचे गुण म्हणजे कपाळीचा लेख नव्हे



निकाल लागला म्हणजे खेड्यापाड्यांत घरोघर एकच वाक्य ऐकू येते : “पोराचे डोके चालत नाही, आता कामाला लावावे.” नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट घ्या, की आसपासचे दुसरे कोणतेही गाव घ्या. पोर नववीत गचकले किंवा दहावीत चाळीस टक्क्यांवर अडले की मुलाच्या हाती कोयता येतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. कॉलेज हा शब्द त्या घरातून कायमचा हद्दपार होतो. हा निवाडा दिला कोणी? बोर्डाने दिला नाही, विद्यापीठानेही दिला नाही. तो आपणच आपल्या पोटच्या पोरांवर दिला, आणि नियम न वाचता दिला!

मूल नववीत का पडते, हे आधी पाहू. आठवीपर्यंत ते बहुधा वर्गामागून वर्ग चढत जाते. गणित-इंग्रजीचा कच्चेपणा झाकलेला राहतो आणि नववीत एकदम उघडा पडतो. घरी अहिराणी किंवा भिल्ली, पुस्तकात शहरी मराठी आणि वर इंग्रजी, असे तिहेरी ओझे त्याच्या डोक्यावर असते. त्यातच दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात. कापूस वेचणीस, मिरचीच्या तोडणीस हात लागतात. पोराची शाळा बुडते, आणि परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाही. अशा पोराचे गुण कमी पडले, तर ते त्याच्या बुद्धीचे माप कसे म्हणावे? ते त्याच्या हजेरीचे माप होय.

आता नियम काय सांगतो तो ऐका. नववीचे गुण कॉलेजच्या दारात कोणी विचारीत नाही. दहावीस प्रत्येक विषयात ३५ गुण म्हणजे उत्तीर्ण. एकदोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीत बसता येते आणि पुरवणी परीक्षा देऊन ते विषय सोडविता येतात. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. २०२५ पासून तो राज्यभर ऑनलाईन झाला आहे, म्हणून अर्ज वेळेवर भरला पाहिजे. पुढे बी.ए., बी.कॉम.चे दार बारावीने उघडते, दहावीने नव्हे. इंजिनिअरिंगला तर सीईटीचा क्रमांक पाहतात. त्या परीक्षेत सुमारे ८० टक्के भाग बारावीचा व २० टक्के अकरावीचा असतो. बारावीच्या ठराविक विषयांत ४५ टक्के, मागासवर्गीयांस ४० टक्के असले म्हणजे पात्रता झाली.

दुसरी वाटही आहे. सुतार, लोहार, गवंडी यांच्या घरी हत्यार धरण्याचे शिक्षण जन्मापासून मिळते. असा मुलगा दहावीनंतर आयटीआयला गेला, तर पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो; आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. शाळाच सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसता येते.

बाहेरून परीक्षा देणे कमीपणाचे, असे कोणास वाटत असेल, तर त्यांनी जोतीराव फुल्यांचे स्मरण करावे. सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच निवेदनात त्यांनी हेही मांडले होते की, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस खासगी अभ्यास करून बसता येते, तशीच मुभा बी.ए., एम.ए.च्या परीक्षांनाही मिळावी. ज्याला घरचे काम सोडून वर्गात बसता येत नाही, त्याच्यासाठी मागितलेले ते दार होते. आज ते उघडे असता आपण बाहेर उभे का राहावे?

आणि गुणांचेच म्हणाल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा ३८ देखील नाहीत! त्या काळची परीक्षा कडक होती, हे खरे. तरी आज असा कागद आपल्या घरात आला, तर आपण काय म्हणू? त्यांच्या वडिलांनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात धाडले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ साली तोच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. वडिलांनी गुणपत्रिकेपाशीच हिशेब मिटविला असता, तर देशाचे केवढे नुकसान झाले असते!

कोणी म्हणेल, पदवी घेऊनही पोरे रिकामी हिंडतात. हिंडतात, हे आम्ही नाकारीत नाही. काही कंपन्या नोकरी देताना दहावीपासूनचे टक्के मागतात, हेही खरे. म्हणूनच शेजाऱ्याच्या पोराने सायन्स घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावे, हा हट्ट सोडावा. गणित कच्चे असेल तर आर्ट्स, कॉमर्स किंवा आयटीआय पाहावे. बारावीत इंग्रजी कोणासच चुकत नाही, तेव्हा त्याची तयारी आजपासून करावी. मुलींच्या फीची भीती बाळगू नये : २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल मुलींना सरकारी प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ आहे.

गावाने करावयाचे काम थोडे आहे. ऊसतोडीस जाताना दहावीच्या मुलाला आजीपाशी, चुलत्यापाशी ठेवावे. त्याची भाकरी भावकीने पाहावी. गावातील जे कोणी बारावी झाले असतील, त्यांनी रात्री दीड तास मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर गणित-इंग्रजी शिकवावे. आणि निकालाच्या दिवशी बापाने पोरावर हात उगारण्याऐवजी गुणपत्रिका घेऊन मास्तरांकडे जावे व विचारावे, “आता पुढची वाट कोणती?”

एक पीक बुडाले म्हणून कुणबी जमीन विकीत नाही. पुढल्या पावसाला पुन्हा पेरतो. मग पोराच्या बाबतीतच तिफण मोडून टाकण्याची घाई कशाला?